महिला विद्यापीठाचा वाढदिवस आणि आमचा तालुका

जुलै महिना उजाडला म्हणजे महिला विद्यापीठाच्या वाढदिवसाची आठवण होते. १९१६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं पुण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. २०१६ सालीं त्या गोष्टीस शंभर वर्षें पुरीं झालीं. विद्यापीठाचा हा दिवस काय, किंवा गांवोगांवच्या महिला महाविद्यालयांचीं वार्षिक संमेलनें काय, त्यांचा एक ठराविक विधि आतां पडून गेला आहे. दीपप्रज्वलन होतें, सरस्वतीच्या किंवा सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार पडतो, स्वागतगीत होतें, पाहुण्यांस शाल व श्रीफळ मिळतें, प्राचार्य वर्षाचा अहवाल वाचतात, आणि पाहुणे स्त्रीशिक्षणाचे गोडवे गाऊन पुढच्या कार्यक्रमास निघून जातात. या विधीस आमचा विरोध नाहीं. मुलीच्या हातीं पुस्तक पाहिलें कीं घरावर संकट येईल असें मानणाऱ्या समाजानें आज तिच्याच हातून दीप लावून घ्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु अहवाल या वस्तूविषयीं मात्र आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण वर्षाचा हिशेब म्हणून जें वाचलें जातें त्यांत हिशेब फारच थोडा असतो, आणि ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या ध्यानांत आमच्याहि आधीं आली असेल.

अशा अहवालांत काय असतें? परीक्षेचा शेंकडा निकाल असतो, रांगोळी व वक्तृत्वाचीं बक्षिसें असतात, शिबिरांत लावलेलीं झाडें असतात, क्वचित् कोणी विद्यार्थिनी विद्यापीठांत गुणानुक्रमें वर आलेली असते, तिचें नांव घेतांच टाळ्या पडतात, आणि त्या पडाव्याच. परंतु पहिल्या वर्षाच्या वर्गांत ज्या मुलींनीं नांवें घातलीं, त्यांतल्या किती तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेस बसल्या, आणि ज्या बसल्या नाहींत त्या कोठें गेल्या, हें सांगणारें वाक्य शोधूं जावें तर तें सांपडत नाहीं. दुकानदारानें वर्षाअखेरीस नुसती विक्री वाचून दाखवावी आणि माल किती आला, किती वाटेंत सांडला, किती उंदरांनीं खाल्ला याचा उच्चारहि करूं नये, तर त्याचा भागीदार त्यास काय म्हणेल? आमच्या तालुक्यांत तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें देऊळ आहे आणि कोथळी-मेहूणास मुक्ताईचें स्थान आहे. चांगदेवानें आळंदीच्या भावंडांस कोरा कागद पाठविला आणि त्याच्या कोरेपणावर बोट ठेविलें तें सर्वांत धाकट्या मुक्ताईनें, ही कथा येथल्या पोराबाळांसहि ठाऊक आहे. मुक्ताईच्या गांवीं राहणाऱ्यांनीं कोरे कागद मुकाट्यानें वाचून घ्यावे, हें आम्हांस शोभत नाहीं.

कर्व्यांच्या उद्योगाची हकीकत आज सांगावयाची ती कौतुकासाठीं नव्हे, तर त्यांतला व्यवहार पाहण्यासाठीं. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे हे गृहस्थ. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ सालीं महिला विद्यालय सुरू केलें. हिंगण्याच्या माळावरून पुण्यास पायीं जावें, कॉलेजांत शिकवावें, पुन्हा पायीं परत यावें, आणि सुटींत फंडासाठीं गांवोगांव हिंडावें असा त्यांचा क्रम असे. जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारें एक लहानसें पुस्तक त्यांच्या हातीं आलें. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं तशाच विद्यापीठाची कल्पना लोकांपुढें मांडली, आणि पुरें वर्ष लोटण्याच्या आंत ती अंमलांतहि आणली. डॉ. भांडारकर पहिले कुलपति झाले. पहिल्या वर्षीं विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. उच्च शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें, हा त्या काळीं वेडगळ समजला जाणारा हट्ट कर्व्यांनीं धरला. मुंबई विद्यापीठ त्या वेळीं इंग्रजीवांचून पाऊल टाकीत नव्हतें. ज्या मुद्द्यावर आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत परिच्छेदामागून परिच्छेद लिहिले जातात, तो मुद्दा हिंगण्याच्या माळावर मूठभर मुलींना घेऊन एका गणिताच्या शिक्षकानें सोडवून ठेविला होता.

आणि हें सर्व सरकारी मान्यतेवांचून! या विद्यापीठासाठीं कायदा झाला तो १९४९ सालीं, आणि कायदेशीर मान्यता पदरीं पडली ती १९५१ सालीं. म्हणजे पस्तीस वर्षें या विद्यापीठाच्या पदवीस सरकारदरबारीं मोल नव्हतें. तरीहि मुली येत राहिल्या, आणि त्यांना पाठविणारे बाप व भाऊ निघत राहिले. त्या काळच्या बापानें पदवीची किंमत पगाराच्या आंकड्यांत केली असती, तर हें विद्यापीठ दुसरें वर्षहि पाहतें ना.

पैशाची गोष्ट तर आमच्या पेठेंतील मंडळींनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी या मुंबईच्या गिरणीमालकानें या संस्थेस पंधरा लक्ष रुपये दिले आणि विद्यापीठास आपल्या मातुश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें, नांव मिळालें. १९३६ सालीं विद्यापीठाचें मुख्य ठाणें मुंबईस गेलें. १९२० सालचे पंधरा लक्ष म्हणजे काय रक्कम, हें व्यापाऱ्यांस आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. कापसावर मिळविलेला पैसा स्त्रियांच्या विद्यापीठाकडे वळला तो असा. आमचा खानदेशहि कापसाचाच. अमळनेरास श्रीमंत प्रतापशेट यांनीं गिरणी चालविली, आणि त्यांनींच १९१६ सालीं, म्हणजे नेमक्या महिला विद्यापीठाच्याच वर्षीं, तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. तत्त्वज्ञान मंदिरास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यानें अमळनेरचें नांव दूरवर नेलें. जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या नांवांतहि व्यापाऱ्याचेंच घराणें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, विद्येसाठीं थैली मोकळी करण्याची संवय खानदेशच्या पेठेस नवी नाहीं. देऊळ, धर्मशाळा, तत्त्वज्ञान, कॉलेज हीं सर्व या थैलीनें पाहिलीं आहेत. तालुक्याच्या गांवीं शिकावयास येणाऱ्या मुलीची रात्रीची व्यवस्था मात्र तिनें अजून फारशी पाहिलेली नाहीं.

स्त्रियांसाठीं निराळें महाविद्यालय असावें कीं नसावें, हा वाद जुनाच आहे. आगरकरांनीं 'सुधारकां'त मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें व तेंहि एकत्र द्यावें असा स्वच्छ पक्ष घेतला होता. कर्व्यांनीं निराळें विद्यापीठ काढून गृहशास्त्रासारखे विषय अभ्यासक्रमांत घातले, तेव्हां आगरकरांच्या विचारांत वाढलेल्या पुष्कळांस तें माघार घेतल्यासारखें वाटलें. आमचें मत विचाराल तर तत्त्वतः आगरकर बरोबर होते, आणि व्यवहारतः कर्वे. ज्या घरांतून मुलगी मुलांच्या वर्गांत बसावयास सोडलीच जात नाहीं, त्या घरास तत्त्व सांगून काय उपयोग? त्या घराच्या दाराशीं शिडी लावावी लागते, आणि महिला महाविद्यालय ही ती शिडी होय. जळगांवीं बेंडाळे महिला महाविद्यालय आहे, इतर ठिकाणींहि अशा संस्था आहेत. त्यांच्यामुळें ज्या मुली बारावीनंतर चुलीपुढें बसल्या असत्या त्या वर्गांत बसल्या, यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु शिडीवर कोणी बिऱ्हाड करीत नाहीं. महिला महाविद्यालय म्हणजे सोप्या विषयांचें, प्रयोगशाळेवांचूनचें, लग्न जमेपर्यंत वेळ घालविण्याचें ठिकाण अशी समजूत जेथें जेथें रुजूं दिली जाते, तेथें कर्व्यांचें नांव घेऊन कर्व्यांच्याच कामावर पाणी ओतलें जातें. हें ज्या संस्थाचालकांस लागू नाहीं त्यांनीं तें लावून घेऊं नये. ज्यांस लागू आहे त्यांस सांगावें लागणार नाहीं.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. सर्व देशाचा आंकडा पाहिला तर मन प्रसन्न होतें. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणें २०२१-२२ या वर्षीं देशांत ४ कोटि ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, आणि त्यांत २ कोटि ७ लक्ष मुली होत्या. वयाच्या हिशेबानें पाहतां मुलींचें प्रमाण शेंकडा २८.५ आणि मुलांचें २८.३, म्हणजे मुली रेसभर पुढेंच. कर्व्यांच्या बोटांवर मोजण्याजोग्या विद्यार्थिनींपासून येथवर मजल आली. परंतु याच सरकारच्या श्रमविषयक पाहणींत २०२३-२४ सालीं शहरांतील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकीं कामांत असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रिया शेंकडा २८ च आढळल्या. कॉलेजांत मुलामुलींची बरोबरी, आणि कॉलेजाच्या फाटकाबाहेर तीन शहरी स्त्रियांत एक सुद्धां कामास नाहीं! पदवी मग जाते कोठें? ती जाते स्थळ पाहणाऱ्यांस पाठवावयाच्या कागदावर. 'मुलगी पदवीधर, गृहकृत्यदक्ष', एवढ्या ओळीसाठीं तीन वर्षें, तितक्या वर्षांचें बसभाडें आणि सरकारचें अनुदान खर्ची पडतें.

आणि आमच्या जिल्ह्याचा आंकडा पाहिला तर प्रसन्नता मुळींच उरत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें मुली ८४२ च निघाल्या. राज्याचें प्रमाण ८९४ होतें, तेंहि लाजिरवाणेंच. आमचें त्याहून खालीं. गर्भाचें लिंग पाहण्यास बंदी करणारा कायदा १९९४ पासून पुस्तकांत आहे. हा आंकडा प्रसिद्ध झाला तेव्हां चार दिवस गलबला झाला आणि मग तो कपाटांत गेला. परंतु वाचकांनीं एक साधा हिशेब करावा. त्या वेळीं जीं मुलें सहा वर्षांच्या आंत होतीं तींच आज कॉलेजाच्या वयांत आलेलीं किंवा येऊं घातलेलीं आहेत. वर्गांतील जीं बांकें आज रिकामीं दिसतात त्यांतल्या कांहींवर बसणारी मुलगी शाळा सोडून गेलेली नाहीं, लग्न होऊनहि गेलेली नाहीं. ती जन्मासच आली नाहीं. कोणत्याहि महाविद्यालयाच्या अहवालांत ही विद्यार्थिनी येणार नाहीं, म्हणून तिचा उल्लेख आम्हीं येथें केला.

ज्या जन्मास आल्या त्यांच्यावर या तुटवड्याचा भार पडतो आहे. बाजारांत माल कमी झाला म्हणजे त्याची किंमत वाढते, असें अर्थशास्त्र सांगतें. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांची किंमत वाढेल, हुंडा आटेल, असें भाकीत एके काळीं कांहीं शहाण्यांनीं केलें होतें. घडलें तें उलटेंच. स्थळें लौकर विचारूं लागलीं, उपवर मुलांचे बाप अकरावी-बारावीच्या मुलींच्या घरीं खेपा घालूं लागले, आणि 'पुढें शिकवूं कीं, लग्नानंतर शिकेल' हें वाक्य बैठकींत हटकून ऐकूं येऊं लागलें. लग्नानंतर शिकलेल्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांच्या धैर्यास आमचा नमस्कार असो. परंतु त्या मोजक्याच, आणि ज्यांच्या बाबतींत तें वचन बैठकीच्या पानसुपारीबरोबरच संपलें त्यांची मोजणी कोणी केलेली नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ स्त्रियांचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झाल्याचें आढळलें. पांचांत एकीहून अधिक! फुले दांपत्यानें १८४८ सालीं ज्या प्रांतांत मुलींची शाळा काढली त्या प्रांताचा हा एकविसाव्या शतकांतील आंकडा आहे.

कायद्यानें वय वाढवून हें थांबेल काय? २०२१ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें मुलीच्या लग्नाचें वय अठरावरून एकवीस करण्याचें विधेयक लोकसभेंत मांडलें; तें समितीकडे गेलें, आणि २०२४ सालीं लोकसभा विसर्जित होतांच आपोआप मेलें. आम्ही कायद्याचे अभ्यासक असूनहि त्या विधेयकासाठीं अश्रु ढाळीत नाहीं. अठरा वर्षांचा जो कायदा चालू आहे त्याची फिर्याद गांवांत कोण देतो? शेजारी देत नाहीं, नातलग देत नाहीं. ग्रामसेवकास ज्या गांवांत रोज जावयाचें त्या गांवाशीं वैर परवडत नाहीं. वयाचा आंकडा वाढवून फिर्याद देणारा निर्माण होत नाहीं. मुलगी ज्या वर्षीं लग्नासाठीं मागितली जाते त्या वर्षीं तिच्या बापाजवळ 'तिची परीक्षा आहे' हें सांगण्याजोगें, चारचौघांत मान्य होणारें कारण असावें लागतें. महाविद्यालय हें तें कारण होय. म्हणूनच तें टिकणें, आणि मुलगी त्यांत टिकणें, याला आम्ही कायद्याच्या दहा कलमांहून अधिक महत्त्व देतों.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. बारावीपर्यंत मुलींची फी माफ होऊन पुष्कळ वर्षें झालीं. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. मध्यें स्त्रियांस अर्धें भाडें झालें. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें आठ लक्ष रुपयांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वीं ती निम्मी माफ होती. ज्या बापानें मुलीस अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्रास घालण्याचा विचार फीच्या आंकड्यापाशीं थांबविला होता, त्याला ही खरी मदत आहे, आणि ती देणाऱ्यांस श्रेय दिलें पाहिजे. परंतु निर्णय बारकाईनें वाचला म्हणजे त्याची हद्द दिसते. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता, आणि केंद्रीय प्रवेशपद्धतीनें मिळालेल्या जागांपुरता आहे. हे अभ्यासक्रम बहुधा शहरांत. मुक्ताईनगरच्या मुलीस ते जळगांवीं, नाशकास किंवा पुण्यास गांठावे लागतात. फी माफ झाली, तरी खोली, खाणावळ आणि जाणेंयेणें हीं माफ झालीं नाहींत, आणि बापास जी चिंता पडते ती फीच्या पावतीची नसून रात्रीच्या मुक्कामाची असते. ग्रामीण मुलींस शाळेसाठीं एस. टी. चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकरांच्या नांवाची योजना आहे. ती बारावीला संपते. पुढें इतर विद्यार्थ्यांसारखा एक तृतीयांश भाड्याचा पास काढावा लागतो. रक्कम मोठी नाहीं, हें खरें. पण ज्या घरांत बारावीनंतर शिकवावें कीं नाहीं असा वाद चाललेला असतो, त्या घरांत नेमक्या त्याच महिन्यांत मोफत पास बंद व्हावा, हा योग सरकारी टेबलावर कोणाच्याहि नजरेस पडला नसावा.

बसच्या बाबतींत मुक्ताईनगरची स्थिति वाचकांस सांगावयास नको. मुंबई-नागपूर हमरस्ता गांवास लागून जातो, पण आगगाडीचें ठाणें गांवांत नाहीं. भुसावळ, बोदवड किंवा मलकापूर गांठावें लागतें. जळगांव पन्नास-साठ किलोमीटरांवर. खेड्यांतून तालुक्यास, तालुक्यांतून जिल्ह्यास अशी दुहेरी वाट ज्या मुलीच्या कपाळीं आहे तिचा दिवस पहाटे सुरू होतो, आणि संध्याकाळची गाडी चुकली म्हणजे तिचें शिक्षण त्या दिवसापुरतें नव्हे, कधीं कधीं कायमचेंच चुकतें. उशीर एकदां झाला, घरांत बोलणीं झालीं, आणि दुसऱ्या दिवशीं दप्तर खुंटीस लागलें, असें घडण्यास फार मोठें निमित्त लागत नाहीं.

आणि थांब्यावरचा तो काळोख! २०२५ च्या मार्चाच्या आरंभीं कोथळीच्या मुक्ताईच्या यात्रेंत अल्पवयीन मुलींची छेड काढल्याची फिर्याद मुक्ताईनगरच्या ठाण्यांत नोंदली गेली आणि तें वृत्त राज्यभर गाजलें. त्या मुली कोणाच्या, हें आम्ही लिहिणार नाहीं. कायदा मना करतो, आणि कायद्यानें मना केलें नसतें तरी आम्हीं लिहिलें नसतें. ती फिर्याद दिली गेली हें मोठें धैर्याचें काम झालें. परंतु मुक्ताईच्या अंगणांत, यात्रेच्या गर्दींत, पोलिसांचा बंदोबस्त असतांना जें घडूं शकतें, तें बंदोबस्त नसलेल्या थांब्यावर रोज किती घडत असेल, आणि त्यांतलें किती घरींहि सांगितलें जात नसेल? मुलगी घरीं सांगत नाहीं, कारण सांगितलें तर गुन्हेगाराचें बाहेर पडणें बंद होणार नाहीं, तिचें होईल. हें तिला पक्कें ठाऊक असतें. आमच्या घराघरांतील हा न्याय इतका उलटा आहे कीं तो बदलल्यावांचून पोलिसांस दोष देण्याचा अधिकारहि आम्हांस पुरता पोंचत नाहीं.

येथें महाविद्यालयांस एक कायद्याची गोष्ट सांगतों. २०१३ च्या कायद्याप्रमाणें जेथें दहा किंवा अधिक माणसें काम करतात तेथें स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी ऐकण्यासाठीं अंतर्गत समिति नेमलीच पाहिजे. तिची प्रमुख स्त्री असली पाहिजे, आणि एक सभासद बाहेरचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनीं विद्यार्थिनीहि तिच्या छत्राखालीं आल्या. तक्रारी किती आल्या व त्यांचें काय झालें हें वार्षिक अहवालांत देण्याचेंहि बंधन आहे. पुष्कळ ठिकाणीं ही समिति भिंतीवरच्या फलकांत असते, आणि अहवालांत 'तक्रारी : शून्य' असें अभिमानानें लिहिलेलें असतें. ज्या रुग्णालयांत वर्षभर एकहि रोगी आला नाहीं तें गांव निरोगी आहे, असें आम्ही मानीत नाहीं. रुग्णालयाचें दार उघडें आहे काय, एवढें आधीं पाहतों. शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थाचालकांनीं आपल्याच कॉलेजांतल्या दहा मुलींस समितीच्या प्रमुख बाईंचें नांव विचारून पाहावें.

आमच्या भूमीस स्त्रियांच्या बुद्धीचें वावडें आहे असें कोणी म्हणूं नये. मुक्ताईची गोष्ट सातशें वर्षांची झाली. आसोद्याच्या बहिणाबाईंस अक्षर येत नव्हतें. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलानें टिपून ठेविल्या म्हणून त्या आपणांस मिळाल्या, आणि २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव दिलें गेलें. अक्षर न शिकविलेल्या बाईचें नांव विद्यापीठास द्यावें यांत गौरव आहे, तसा एक मुकाट ठपकाहि आहे. ज्यांच्या घरीं टिपून घेणारा मुलगा नव्हता अशा किती बहिणाबाई जात्यावरच विरून गेल्या असतील! आणि अगदीं अलीकडची गोष्ट पाहावयाची तर बोदवड तालुक्यांतील नाडगांवीं जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील जळगांवच्या मूळजी जेठा महाविद्यालयांत एम. ए. झाल्या, मुंबईस जाऊन वकिलीची परीक्षा दिली, १९६२ सालीं सत्तावीसाव्या वर्षीं विधानसभेवर निवडून आल्या, पुढें लागोपाठ चार वेळां याच मुक्ताईनगरनें, त्या वेळच्या एदलाबादनें, त्यांना विधानसभेंत धाडलें, आणि २००७ सालीं त्या राष्ट्रपति झाल्या. त्यांच्या राजकारणाविषयीं कोणाचें काय मत असेल तें असो. पण त्या काळीं नाडगांवच्या मुलीस जळगांवीं आणि पुढें मुंबईस ठेवून शिकविणारें घर होतें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. तें घर नसतें तर पुढचें कांहींच नसतें.

आतां पेठेंतील मंडळींस विनंति. आपल्या दुकानाचा हिशेब ठेवावयास, बँकेंत जावयास, मालाची नोंद संगणकावर करावयास माणूस लागतो. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या मुली आपल्याच गल्लींत बसून आहेत. त्यांतल्या दोघीचौघींस पगारी काम दिलें तर पुढच्या पांच घरांत पदवीकडे पाहण्याची दृष्टि बदलेल. हें काम आमच्या शंभर अग्रलेखांनीं होणार नाहीं. केळीच्या हंगामांत लाखोंची उलाढाल करणाऱ्या या तालुक्यांत मुलींच्या वसतिगृहासाठीं एक जुना वाडा नीट करून मिळणें अशक्य आहे, असें आम्हांस कोणी पटवूं पाहील तर आम्ही तें ऐकणार नाहीं. एस. टी. च्या आगारप्रमुखांस भेटावयास जाणाऱ्या शिष्टमंडळांत एरवीं पुढारीच असतात. या वेळीं त्यांत चार विद्यार्थिनी घ्याव्या, आणि गाडीची वेळ कोणती हवी हें त्यांनाच सांगूं द्यावें.

महाविद्यालयांकडे आमचें मागणें याहून लहान आहे. तीन वर्षांपूर्वीं किती मुली दाखल झाल्या, आज त्यांतल्या किती आहेत, गळलेल्यांपैकीं किती लग्नामुळें, किती बसमुळें, किती पैशामुळें गळल्या, आणि पदवी घेऊन गेलेल्यांपैकीं किती आज कामावर आहेत, एवढें प्राध्यापिकांनीं आठ दिवस घरोघर विचारून लिहून काढावें. यास अनुदान लागत नाहीं. जें महाविद्यालय हे आंकडे आपल्या वार्षिक अहवालांत वाचील, त्याचे ते आंकडे, चांगले असोत वा वाईट, आम्ही याच स्तंभांत जसेच्या तसे छापूं. जें वाचणार नाहीं, त्याच्या नांवापुढें तेवढी जागा कोरी सोडूं.